उजव्या मुठीचा निवाडा

मुष्टियुद्धातील ज्या वजनी गटाला वरची मर्यादाच नाही, त्या हेवीवेट गटाचे विजेतेपद विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेच्या साऱ्या क्रीडाजगताचे सिंहासन मानले जात असे, आणि त्या सिंहासनाकडे जाणारी वाट एका विशिष्ट वर्णाच्या माणसांना जवळजवळ बंद होती. १९३४ सालच्या ४ जुलै रोजी शिकागोच्या दक्षिण भागातील एका लहानशा सभागृहात अवघ्या ५९ डॉलरच्या बिदागीवर पहिला व्यावसायिक सामना लढणारा वीस वर्षांचा जो लुई हा कृष्णवर्णीय तरुण त्याच वाटेने चालू लागला, आणि तीन वर्षे पुरी होण्याच्या आतच जगज्जेता झाला. या तीन वर्षांत त्याने किती प्रतिस्पर्ध्यांना लोळविले याची यादी कोणत्याही क्रीडाकोशात सापडेल. मला त्याहून मोलाची वाटते ती ही गोष्ट, की लुईची लढण्याची जी संयत, अल्पाक्षरी आणि निर्णायक शैली पुढे साऱ्या जगाने वाखाणली, ती त्याच्या शरीरसामर्थ्याइतकीच त्याच्या भोवतालच्या अन्यायातून निपजली होती.

जोसेफ लुई बॅरो हे त्याचे पूर्ण नाव. अलाबामा संस्थानातील लाफायेट गावाजवळ १३ मे १९१४ रोजी, खंडाने जमीन कसणाऱ्या एका निर्धन कुटुंबात तो जन्मला. बाप तो अजाण असतानाच मनोरुग्णालयात गेला, आईने पुढे दुसरा विवाह केला, आणि १९२६ मध्ये दक्षिणेतील हजारो कुटुंबांप्रमाणे हेही कुटुंब मोटारींच्या कारखान्यांतील रोजगाराच्या ओढीने उत्तरेकडील डेट्रॉइट शहरी येऊन वसले. मुलाने काही सभ्य कला आत्मसात करावी या इच्छेने आईने त्याला व्हायोलिनच्या शिकवणीसाठी पैसे द्यावेत, आणि मुलाने ते ब्रूस्टर व्यायामकेंद्रात खर्च करावेत, ही कथा प्रसिद्धच आहे. तितकीशी प्रसिद्ध नसलेली गोष्ट अशी, की १९३२ मधील हौशी गटातल्या पहिल्याच सामन्यात जॉनी मायलर या ऑलिंपिक संघातील खेळाडूने त्याला अनेकदा खाली पाडले, आणि त्यानंतर कित्येक महिने तो रिंगणाकडे फिरकला नाही. परत आला तो मात्र निश्चयाने आला. १९३४ च्या एप्रिलमध्ये हौशी मुष्टियोद्ध्यांचे राष्ट्रीय विजेतेपद त्याने लाइट हेवीवेट गटात मिळविले, आणि त्यानंतर व्यवसायात उतरण्याचा प्रश्न उभा राहिला.

येथे मागची एक हकीकत सांगणे आवश्यक आहे. १९०८ च्या डिसेंबरात सिडनी येथे जॅक जॉन्सन हा पहिला कृष्णवर्णीय हेवीवेट जगज्जेता झाला होता. तो विलक्षण कुशल होता आणि निर्भयही. हरलेल्या गोऱ्या प्रतिस्पर्ध्याला भर रिंगणात डिवचणे, गोऱ्या स्त्रियांशी उघडपणे संबंध ठेवणे व विवाह करणे, यांपैकी कशाचीही त्याने क्षिती बाळगली नाही. १९१० मध्ये त्याने जिम जेफ्रीजला हरविले तेव्हा अमेरिकेच्या अनेक शहरांत दंगली उसळल्या. १९१५ मध्ये हॅवाना येथे जॉन्सनचा पराभव झाल्यानंतर पुढील बावीस वर्षे एकाही कृष्णवर्णीय योद्ध्याला त्या पदासाठी लढण्याची संधी देण्यात आली नाही. हॅरी विल्स हा तर वर्षानुवर्षे सर्वमान्य दावेदार असूनही दाराबाहेरच तिष्ठत राहिला. असा कोणताही लेखी कायदा नव्हता. विजेता, त्याचा व्यवस्थापक आणि सामने भरविणारा मक्तेदार या तिघांनी मनात आणले की पुरे, एवढाच काय तो दस्तूर होता, आणि अलिखित असल्यामुळेच त्याच्याविरुद्ध दाद मागण्यास कोठे जागाही नव्हती.

लुईचे कारभारीपण पत्करणारे दोघेही कृष्णवर्णीय होते. डेट्रॉइटचा जॉन रॉक्सबरो आणि शिकागोचा ज्यूलियन ब्लॅक हे आकड्यांच्या बेकायदा जुगारावर संपन्न झालेले गृहस्थ. परंतु गोऱ्या व्यवस्थापकांच्या हाती पडलेल्या कृष्णवर्णीय योद्ध्यांची कशी वाताहत होते, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. त्यांनी शिक्षक म्हणून निवडला जॅक ब्लॅकबर्न. एके काळी हलक्या वजनाच्या गटात नामांकित असलेला, शंभराहून अधिक लढती लढलेला, गालावर व्रण वागविणारा, मनुष्यवधाच्या गुन्ह्याबद्दल कारावास भोगून आलेला हा पन्नाशीचा वस्ताद स्वभावाने कडवट होता, आणि त्या कडवटपणाला कारणही होते. कृष्णवर्णीय हेवीवेटला शिकविण्यात काडीची प्राप्ती नाही, असे त्याने प्रारंभीच सांगितले, आणि आठवड्याच्या निश्चित वेतनाची हमी मिळाल्यावरच काम स्वीकारले. पुढे मात्र गुरुशिष्य एकमेकांना ‘चॅपी’ या एकाच लाडक्या नावाने हाक मारू लागले.

ब्लॅकबर्नच्या शिकवणीचे मर्म त्याच्या एका हिशेबात होते. सामना ठरलेल्या फेऱ्यांअखेर गेला तर निकाल पंचांच्या हाती जातो. पंच गोरे असतात. तेव्हा गोऱ्या प्रतिस्पर्ध्याविरुद्ध गुणांवर जिंकण्याची आशा धरणे हे शहाणपणाचे नव्हे. लुईने आपल्या उजव्या मुठीलाच पंच समजावे, असे तो वारंवार बजावीत असे. हे वाक्य ऐकण्यास वीरश्रीचे वाटते. परंतु त्यात एका माणसाचा आयुष्यभराचा अनुभव आहे, आणि जिच्याकडून न्यायाची अपेक्षाच करता येत नाही अशा व्यवस्थेत जगण्याचा तो व्यवहारी तोडगा आहे.

आता प्रतिस्पर्ध्याला निश्चितपणे खाली पाडावयाचे, तर प्रहार कोठून निर्माण होतो हे आधी कळले पाहिजे. सामान्य प्रेक्षकाला वाटते की ठोसा दंडातून येतो. वस्तुतः तो पायाच्या तळव्यातून येतो. मागचा पाय जमिनीला रेटा देतो, तो रेटा मांडीवाटे कमरेत जातो, कंबर बिजागरीवर फिरणाऱ्या दारासारखी वळते, खांदा तिच्या मागोमाग येतो, आणि हात हा त्या साऱ्या गतीचा केवळ शेवटचा भाग असतो. म्हणून तोल गेलेल्या योद्ध्याचा ठोसा कितीही लांबून आला तरी पोकळ ठरतो, आणि दोन्ही पाय पक्के रोवलेल्या योद्ध्याचा सहा-आठ इंचांवरून मारलेला ठोसाही मेंदूला हादरा देऊन जातो. लुई हौशी गटातून आला तेव्हा त्याचे पाय प्रहाराच्या क्षणी जागेवर नसत. ब्लॅकबर्नने प्रथम हात सोडून पायच दुरुस्त करावयास घेतले. नाचत, उड्या मारीत फिरावयाचे नाही. पाय जमिनीलगत सरकवीत, अर्ध्या पावलाने पुढे यावयाचे, प्रतिस्पर्ध्याला दोरांच्या कोपऱ्याकडे रेटावयाचे, डाव्या हाताच्या सरळ, खांद्यातून सुटणाऱ्या जॅबने त्याचे डोके मागे ढकलून पवित्रा उघडा पाडावयाचा, आणि मग एकच मोठा घाव न घालता तीन-चार आखूड प्रहारांची मालिका अशी गुंफावयाची की पहिल्याने निर्माण झालेल्या फटीत दुसरा शिरावा. सहा फूट दीड इंच उंची आणि दोनशे पौंडांच्या आतबाहेर वजन असलेल्या लुईहून आडदांड देह त्या काळी अनेक होते. इतक्या थोड्या हालचालीत इतके काम करणारा देह मात्र, माझ्या मते, त्या गटात त्यापूर्वी झालेला नव्हता.

हे सारे अंगी मुरविण्यासाठी जी दिनचर्या लागते ती बाहेरून पाहणाऱ्यास अत्यंत नीरस वाटेल. पहाटे जड बूट घालून पाच-सहा मैल रस्त्यावरची धाव. कारण तीन मिनिटांची फेरी आणि एक मिनिटाची विश्रांती, अशा त्या काळच्या पंधरा फेऱ्या उभे राहावयाचे तर आधी छाती आणि पाय यांची बेगमी हवी. त्यानंतर न्याहारी व झोप. दुपारी दोरीवरच्या उड्या, आरशासमोर एकट्यानेच काल्पनिक प्रतिस्पर्ध्याशी लढणे, प्रहारात जोर यावा म्हणून वाळक्या भरताडाच्या जड पिशवीवरचे ठोसे, नजर व लय साधावी म्हणून डोक्याच्या उंचीवर टांगलेल्या लहान चेंडूवरचे झपाट्याचे ठोसे, पोटाचे स्नायू आघात सोसावेत म्हणून त्यांच्यावर आदळविला जाणारा जड चेंडू. आणि शेवटी सरावाच्या लढती. या लढतींसाठी पगारी जोडीदार ठेवलेले असतात, आणि त्यांची निवड हा वस्तादाच्या हुन्नराचा भाग असतो. येणारा प्रतिस्पर्धी उंच असेल तर उंच, वाकून लढणारा असेल तर वाकून लढणारा, असे जोडीदार आणून त्याची नक्कल करविली जाते. सामन्याचा दिवस जवळ आला की श्रम मुद्दाम कमी केले जातात, कारण अतिसरावाने शरीर शिणते आणि धारही बोथट होते. १९३५ पासून न्यूयॉर्ककडील सामन्यांसाठी लुईची छावणी न्यू जर्सीतील पॉम्प्टन लेक्स येथे पडत असे. तेथे लोक तिकिटे काढून त्याचा सराव पाहावयास येत, आणि वृत्तपत्रांचे बातमीदार तर तळच ठोकून असत.

व्यवसायात चढू पाहणाऱ्या योद्ध्यासाठी सरावाइतकीच महत्त्वाची असते ती प्रतिस्पर्ध्यांची निवड. फारच दुबळे गडी दिले तर तो काही शिकत नाही, आणि अकाली बलाढ्य गडी दिला तर एका रात्रीत त्याचा आत्मविश्वास व बाजारभाव दोन्ही कोसळतात. १९३४ च्या उत्तरार्धात लुई बारा सामने लढला आणि बाराही जिंकला. त्यांपैकी ली रॅमेज याच्याशी डिसेंबरात झालेला सामना मला विशेष बोधप्रद वाटतो. कारण रॅमेज हा चपळ आणि बुद्धिमान योद्धा होता, त्याने पहिल्या काही फेऱ्यांत लुईला कोडे घातले, आणि ते कोडे सुटावयास आठवी फेरी उजाडावी लागली. दोनच महिन्यांनी लॉस एंजेलिस येथे हे दोघे पुन्हा समोरासमोर आले, तेव्हा सामना दुसऱ्या फेरीतच आटोपला. रॅमेज तोच होता. लुई मात्र मधल्या काळात शिकला होता.

दुसरे शिक्षण चालू होते ते रॉक्सबरोच्या देखरेखीखाली, आणि ते वर्तनाचे होते. गोऱ्या स्त्रीबरोबर छायाचित्र काढून घ्यावयाचे नाही. पडलेल्या प्रतिस्पर्ध्यासमोर आनंद दाखवावयाचा नाही. ठरवून केलेल्या लढतीत भाग घ्यावयाचा नाही. छायाचित्रकारांपुढे चेहरा निर्विकार ठेवावयाचा. जॉन्सनने जे जे केले त्याच्या नेमके उलट, असा हा जाबता होता. गोऱ्या समाजाचा रोष ओढवू नये म्हणून एका तरुण माणसाने आपल्या विजयाचे हसूही गिळावे, हे वाचताना आजही मन विषण्ण होते. रॉक्सबरोचा अंदाज चुकला असे मात्र कोणी म्हणू शकणार नाही. या जाबत्यावाचून दार उघडलेच नसते. तरीही त्याची किंमत लुईने मोजली. त्याचा तो निर्विकार चेहरा पाहून गोऱ्या वृत्तपत्रांतील अनेक लेखकांनी त्याला भावनाशून्य, आळशी, झोपाळू, जंगली श्वापदासारखा अशी विशेषणे लावली, आणि जो संयम त्याच्यावर लादण्यात आला होता त्याचाच त्याच्या माणूसपणाविरुद्ध पुरावा म्हणून उपयोग केला. ज्या डेट्रॉइटमध्ये मंदीच्या काळात त्याच्या कुटुंबाने सरकारी मदत घेतली होती, तेथे हाती पैसा येताच त्याने ती सर्व रक्कम परत केली, या गोष्टीवरून त्याचा अंतःस्वभाव अधिक खरेपणाने समजतो.

न्यूयॉर्कमधील मॅडिसन स्क्वेअर गार्डन हे त्या काळी या व्यवसायाचे केंद्र होते. तेथील व्यवस्थापनाने लुईने काही सामने हरावेत अशी अपेक्षा व्यक्त केली आणि आपण बोलणे तेथेच तोडले, असे रॉक्सबरो सांगत असे. गार्डनच्या मक्तेदारीला शह देऊ पाहणारा माइक जेकब्ज हा तिकिटांचा व्यापारी त्या सुमारास अशाच एका खेळाडूच्या शोधात होता. त्याने लुईशी करारनामा केला, आणि २५ जून १९३५ रोजी यांकी स्टेडियमवर माजी जगज्जेता प्रिमो कार्नेरा याच्याशी त्याची गाठ घातली. कार्नेरा साडेसहा फुटांच्या आसपास उंच, वजन अडीचशे पौंडांच्या वर. शिवाय तो इटालियन, आणि मुसोलिनीची इथिओपियावर चाल होण्याचे दिवस समीप आलेले, त्यामुळे साठ हजारांवर प्रेक्षकांच्या त्या समुदायात केवळ क्रीडेची उत्सुकता नव्हती. सहाव्या फेरीत पंचाने सामना थांबविला. सप्टेंबरात त्याच मैदानावर मॅक्स बेअर हा दुसरा माजी जगज्जेता चौथ्या फेरीत संपला. त्याच दिवशी, सामन्याच्या काही तास आधी, लुईने मार्व्हा ट्रॉटर हिच्याशी विवाह केला होता. आता विजेतेपदाच्या सामन्यापूर्वी एकच टप्पा राहिला होता, आणि तो सुलभ आहे असे सर्वांस वाटत होते.

मॅक्स श्मेलिंग हा जर्मन योद्धा तिशीचा, १९३० ते १९३२ या काळातील जगज्जेता, आणि जाणकारांच्या मते उतरणीला लागलेला. परंतु १९३५ च्या डिसेंबरात लुईचा एक सामना त्याने जवळून पाहिला होता, नंतर लुईच्या लढतींच्या चित्रफिती पुनःपुन्हा तपासल्या होत्या, आणि त्यांत त्याला एक गोष्ट आढळली होती: डावा जॅब मारल्यावर लुईचा हात हनुवटीकडे सरळ परत न येता किंचित खाली उतरतो. तेवढ्या निमिषात उजवा ठोसा आत घालता येतो. श्मेलिंगने आपला सर्व सराव या एका निमिषाभोवती रचला. लुईची छावणी या वेळी लेकवुड येथे होती; तेथे त्याला गॉल्फचा नाद लागला, सरावातील लढती मंदावल्या, ब्लॅकबर्न चिडचिड करीत राहिला. सलग वीसहून अधिक विजय पदरी असलेल्या बावीस वर्षांच्या मुलाला दटावणे कोणत्याही वस्तादाला कठीणच. १९ जून १९३६ रोजी चौथ्या फेरीत तो उजवा ठोसा आला, लुई व्यावसायिक जीवनात प्रथमच खाली पडला, आणि त्यानंतर आठ फेऱ्या तो अर्धवट शुद्धीत, केवळ अंगी मुरलेल्या सवयीच्या बळावर लढत राहिला. बाराव्या फेरीत सारे संपले. न्यूयॉर्कमधील हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत त्या रात्री माणसे रस्त्यांवर रडली.

मला या पराभवाहून त्यानंतरचे दिवस अधिक मोलाचे वाटतात. लुईने सबबी सांगितल्या नाहीत. सूज उतरल्यावर तो ब्लॅकबर्नकडे गेला, आणि त्या दोघांनी तीच एक हालचाल, जॅब मारून हात सरळ हनुवटीशी आणण्याची, कंटाळा येईपर्यंत आणि कंटाळ्याच्या पलीकडे घोटली. पराभवानंतर दोनच महिन्यांनी माजी जगज्जेता जॅक शार्की याला त्याने तिसऱ्या फेरीत गारद केले. चढत्या योद्ध्याच्या जीवनात पहिला पराभव हा बहुधा शेवटाचा प्रारंभ असतो. कारण तो आपल्या चुकीपेक्षा आपल्या भीतीचाच अधिक विचार करू लागतो. लुई भित्रा नव्हता म्हणून वाचला असे मी म्हणणार नाही. दुरुस्त करावयाची वस्तू नेमकी कोणती, हे त्याला दाखविणारा माणूस जवळ होता, आणि दाखविलेले मान्य करण्याइतकी नम्रता त्याच्यापाशी होती, म्हणून तो वाचला.

विजेतेपद त्या वेळी जेम्स ब्रॅडॉककडे होते. बंदरावर हमाली केलेला, मंदीत सरकारी मदतीवर मुले पोसलेला, आणि तीही रक्कम पुढे परत करणारा हा सज्जन योद्धा आधी श्मेलिंगशी लढण्यास बांधलेला होता. ३ जून १९३७ ही तारीखही मुक्रर झाली होती. परंतु विजेतेपद नाझी राजवटीच्या हाती जाण्याची धास्ती, बहिष्काराची भाषा, आणि लुईविरुद्ध मिळू शकणारी कितीतरी मोठी रक्कम, या सर्वांचा विचार करून ब्रॅडॉकचा कारभारी जो गूल्ड याने जेकब्जशी संधान बांधले. गार्डनने न्यायालयात मनाई हुकूम मागितला, तो मिळाला नाही. ३ जूनला श्मेलिंग वजन करून घेण्यास एकटाच हजर राहिला. गूल्डने मिळविलेली अट तर अपूर्वच होती: ब्रॅडॉक हरला, तर जेकब्जला हेवीवेट विजेतेपदाच्या सामन्यांतून होणाऱ्या निव्वळ नफ्याचा दहावा हिस्सा त्याला दहा वर्षे मिळत राहावा. बावीस वर्षांनंतर एका कृष्णवर्णीय माणसाला मिळालेली ही संधी न्यायबुद्धीने मिळाली असे म्हणवत नाही. ती राजकारण आणि नफा यांच्या योगायोगाने मिळाली.

लुईने सराव केला विस्कॉन्सिनमधील केनोशा येथे, आणि या वेळी तेथे गॉल्फला थारा नव्हता. २२ जून १९३७ च्या रात्री शिकागोच्या कॉमिस्की पार्कवर सुमारे ४५ हजार लोकांसमोर पहिल्याच फेरीत ब्रॅडॉकच्या वर येणाऱ्या उजव्या ठोशाने लुईला खाली बसविले. तो लगेच उठला. तेथून पुढे दिसली ती ब्लॅकबर्नची सारी शिकवण: घाई नाही, अर्ध्या पावलांची चाल, डाव्या हाताचा अखंड जॅब, आणि प्रत्येक जॅबनंतर हनुवटीशी परतणारा हात. ब्रॅडॉकचा चेहरा फुटला, पाय जड झाले, तरी तो स्वतःहून हटला नाही. आठव्या फेरीत उजवा ठोसा त्याच्या जबड्यावर बसला आणि तो पालथा पडला.

श्मेलिंगला हरविल्याशिवाय मला जगज्जेता म्हणू नका, असे लुई त्यानंतर सांगत राहिला, आणि ती गाठ बरोबर एक वर्षाने, २२ जून १९३८ रोजी, पडावयाची होती. त्याआधी मात्र दोनच महिन्यांत विजेतेपदाच्या रक्षणासाठी पहिल्यांदा उतरण्याची वेळ आली. ३० ऑगस्ट १९३७ रोजी यांकी स्टेडियमवर समोर उभा होता वेल्सच्या कोळशाच्या खाणींतून आलेला गोरा टॉमी फार, आणि लुईच्या उजव्या हाताने पंधरा फेऱ्यांत परोपरीने प्रयत्न करूनही तो काही केल्या खाली पडेना. शेवटची घंटा झाली तेव्हा दोघेही उभे होते, आणि निकाल पंचांकडे गेला. तिघांच्याही चिठ्ठ्यांवर नाव लुईचे होते.